लिनक्सच्या घरी विंडोजचा आचारी

चुलीवरून उतरवलेले पाणी निवत जाते, हे सांगावयास भौतिकीचा प्राध्यापक नको. ते आधी भराभर आणि मग सावकाश का निवते, हे मात्र मोजल्यावाचून कळत नाही. न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाचा हा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळजण अकरावीत करतील. हातात घड्याळ, डोळा तापमापकावर आणि दर मिनिटाला एक नोंद. आमच्या महाविद्यालयात पदवीच्या वर्गासाठी याच प्रयोगाची जरा सुधारलेली मांडणी आहे. एक पुस्तकाएवढी पेटी, तिच्यातून निघालेल्या तारेच्या टोकाला थर्मिस्टर, आणि मागच्या बाजूस नऊ टाचण्यांचा सीरियल पोर्ट. थर्मिस्टर गरम पाण्यात बुडवावयाचा. पेटी दर पाच सेकंदांनी संगणकाला एक आकडा पाठवते आणि पडद्यावर आलेख आपोआप उमटत जातो.

पेटीबरोबर एक सीडी आली होती. तीवरचा प्रोग्राम विंडोज ९८ च्या काळात लिहिलेला. पेटी बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. पेटी मात्र ठणठणीत राहिली.

फेब्रुवारी २०१९ मधील गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. सकाळी प्रयोगशाळेत गेलो तो मामा दारातच उभे. (आमच्या प्रयोगशाळेतील परिचरांना विद्यार्थी मामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो.)

"सर, पेटीला काही झालेलं नाही. दिवा लागतोय. कॉम्प्युटरच गेला."

"मग मामा, दुसरा लावा की. ऑफिसातून आलेला आहे ना?"

"लावला असता हो. पण त्यात तुम्हीच ते लिनक्स घालून ठेवलंय."

गोष्ट खरी होती. दुरुस्तीवाल्याने जुन्या यंत्राकडे पाहून मान हलवली. त्या जातीचा मदरबोर्ड आता बाजारात मिळत नाही म्हणाला. एका सहकाऱ्याने आपला नवा कोरा लॅपटॉप पुढे केला. त्यावर ६४ बिटांचे विंडोज १० होते. सीडी घातली, सेटअप सुरू केले, आणि हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही असा निरोप पडद्यावर आला. विंडोजचा प्रोग्राम विंडोजनेच नाकारला! याचे कारण पुढे सांगतो.

तुम्ही म्हणाल, प्रोग्राम कशाला हवा? पेटीतून आकडे येतात ना? तेही करून पाहिले. लिनक्समध्ये सीरियल पोर्टवर काय येते ते सरळ वाचता येते. आकडे आले; पण ते तापमानाचे आकडे नव्हते. थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की झपाट्याने घटतो. २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम असणारा नेहमीच्या जातीचा थर्मिस्टर ५० अंशांना साधारण ३.६ किलोओहमवर येतो. पेटी केवळ त्या रोधावरील विद्युतदाब मोजून त्याचा आकडा पाठवत होती. कोणत्या आकड्याला किती अंश म्हणावयाचे, हा तक्ता प्रोग्रामच्या पोटात होता. शेजारी पाऱ्याचा तापमापक ठेवून आमचा आम्हांला तक्ता करता आला असता, परंतु परीक्षेच्या तोंडावर ते जमणारे नव्हते. शिवाय २००४ पासूनच्या प्रत्येक वर्गाच्या नोंदी त्याच प्रोग्रामने आपल्या खास पद्धतीने साठवल्या होत्या. मामांनी दर वर्षअखेर त्यांची सीडीवर प्रत काढून ठेवली होती खरी, पण ती उघडणार कशात? पंधरा वर्षांचे काम एका किल्लीच्या आत अडकले होते आणि किल्ली नव्या कुलपाला लागत नव्हती.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला: विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम लिनक्सच्या संगणकावर चालवता येईल काय?

प्रोसेसर तोच, मग अडते कोठे?

पुष्कळांची समजूत अशी असते की विंडोजचे प्रोग्राम आणि लिनक्सचे प्रोग्राम प्रोसेसरला निरनिराळ्या भाषेत आज्ञा देतात. तसे नाही. या दोन संख्यांची बेरीज कर, हा आकडा त्या खान्यात ठेव, उत्तर शून्य आले तर अमुक ठिकाणी उडी मार, अशा ज्या मूलभूत आज्ञा असतात, त्या प्रोसेसरच्या जातीवर ठरतात. आमचा लिनक्सचा संगणक आणि सहकाऱ्याचा विंडोजचा लॅपटॉप या दोहोंतील प्रोसेसर एकाच घराण्यातले, म्हणून बेरजेची आज्ञा दोघांनाही सारखीच कळते.

मग अडते दोन ठिकाणी. पहिले ठिकाण किरकोळ आहे. प्रोग्रामची फाइल म्हणजे नुसत्या आज्ञांचा ढीग नव्हे. आज्ञा कोठे सुरू होतात, माहिती कोठे आहे, बाहेरून काय काय लागणार, याची अनुक्रमणिका तीत असते. ही अनुक्रमणिका मांडण्याची विंडोजची रीत वेगळी, लिनक्सची वेगळी. फाइलमधील बाइट दाखवणारे एखादे साधन तुमच्या शाळेच्या संगणकावर असेल तर विंडोजची कोणतीही ईएक्सई फाइल त्यात उघडून पाहा. पहिली दोन अक्षरे एम आणि झेड अशी दिसतील. मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. त्याने डॉसच्या काळात ही मांडणी ठरवली आणि आपली सही कायमची त्यात ठेवून दिली. लिनक्सच्या प्रोग्राममध्ये पहिल्या बाइटनंतर ई, एल, एफ अशी तीन अक्षरे दिसतील.

दुसरे ठिकाण खरे कठीण. कोणताही प्रोग्राम स्वतःच्या हाताने फार थोडे करतो. फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी काढणे, कळफलकावरील कळ ओळखणे, सीरियल पोर्टवरून आकडा घेणे, ही कामे तो कार्यप्रणालीकडे मागतो. मागण्याचे शब्द ठरलेले असतात. विंडोजमध्ये असे शब्द हजारोंनी आहेत आणि लिनक्सला त्यांतला एकही ठाऊक नाही.

लग्नघरी बोलावलेला आचारी डोळ्यांसमोर आणा. भाजी चिरणे, फोडणी देणे, पोळी लाटणे हे तो स्वतः करतो; पण कोठीत तो जात नाही. "दोन शेर हरभऱ्याचे पीठ आणा" म्हटले की कोठीवाला आणून देतो. आता हाच आचारी दूर परगावच्या घरी गेला. चूल तीच, कढई तीच, हातही तोच. परंतु तेथल्या कोठीवाल्याला शेर ठाऊक नाही आणि हरभऱ्याच्या पिठाला तो बेसन म्हणतो. स्वयंपाक अडतो तो येथे. यावर उपाय काय? आचाऱ्याला नव्याने शिकवणे हा एक उपाय. म्हणजे प्रोग्राम लिनक्ससाठी पुन्हा लिहिणे. पण आमचा आचारी देऊन कारखाना नाहीसा झालेला. दुसरा उपाय असा की स्वयंपाकघर आणि कोठी यांच्या दारात एक जाणता माणूस उभा करावयाचा. आचारी मागेल ते त्याच्या बोलीत ऐकावयाचे, कोठीवाल्याला त्याच्या बोलीत सांगावयाचे, आणि शेराचे किलो करून आणून द्यावयाचे.

या दारातल्या माणसाचे नाव वाइन.

नक्कल नव्हे

वाइन हे नाव 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' या इंग्रजी वाक्यातील आद्याक्षरांचे बनले आहे. त्या वाक्याचा अर्थ, वाइन हा एम्युलेटर नव्हे. नावाच्या फोडीतच पुन्हा ते नाव येते, ही संगणकवाल्यांची आवडती गंमत.

एम्युलेटर म्हणजे काय? समजा प्रोसेसरच वेगळ्या जातीचा आहे. मोबाइल फोनमध्ये असतो त्या एआरएम जातीचा म्हणा. तेथे बेरजेची आज्ञासुद्धा वेगळी असते. अशा वेळी मूळ प्रोग्राममधील आज्ञा वाचून तिच्या जागी नव्या जातीची आज्ञा करवून घेणारा प्रोग्राम लागतो. आचाऱ्याच्या हाताची प्रत्येक हालचाल पाहून दुसऱ्याने ती आपल्या हातांनी करावी, तसा हा प्रकार. यात वेळ जातो. वाइनला हे करावे लागत नाही. तुमच्या प्रोग्रामने दहा लाख बेरजा केल्या तरी त्या प्रोसेसर थेट करतो, वाइनला त्यांचा पत्ताही नसतो. तो मध्ये येतो तो फक्त दारात काही मागणे आले म्हणजे. म्हणूनच वाइनखाली चालणारा प्रोग्राम पुष्कळदा विंडोजइतकाच वेगाने चालतो. रास्पबेरी पाय सारख्या एआरएम जातीच्या छोट्या संगणकावर मात्र एकटा वाइन पुरत नाही. तेथे जोडीला आज्ञा बदलणारा दुसरा प्रोग्राम घ्यावा लागतो.

आणखी एक मार्ग आहे तो आभासी संगणकाचा. लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम घ्यावयाचा, त्याने संगणकात एक खोटा संगणक उभा करावयाचा आणि त्या खोट्या संगणकात खरे विंडोज घालावयाचे. हा मार्ग भरवशाचा. पण त्याला विंडोजचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि एका यंत्रात दोन कार्यप्रणाली नांदवायच्या म्हणजे स्मृती भरपूर हवी. ऑफिसातून उतरलेल्या आमच्या यंत्राला ते झेपणारे नव्हते.

वाइनचे काम शक्य होते याचे एक मर्म आहे. विंडोजमधील प्रोग्राम सहसा कार्यप्रणालीच्या गाभ्याशी थेट बोलत नाहीत. गाभ्याकडे जावयाच्या मागण्यांचे क्रमांक विंडोजच्या आवृत्तीगणिक बदलत आले, म्हणून प्रोग्रामांनी त्यांवर विसंबू नये अशी रीत पडली. प्रोग्राम जातात ते डीएलएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइलींकडे. फाइलींचे व्यवहार कर्नेल३२ मध्ये, खिडक्या आणि बटणे यूझर३२ मध्ये, रेघा आणि रंग जीडीआय३२ मध्ये. वाइनच्या लेखकांनी काय केले, तर याच नावांच्या फाइली स्वतः लिहिल्या. आत दारे तीच, दारांवरच्या पाट्या त्याच. पण दारामागे लिनक्सकडे जाणारी वाट. प्रोग्राम म्हणतो, "सी ड्राइव्हमधील अमुक फाइल उघडा." लिनक्सला सी ड्राइव्ह हा प्रकारच माहीत नाही. वाइन तुमच्या घरच्या फोल्डरात एक लपलेला फोल्डर करून ठेवतो आणि त्यातल्या एका फोल्डरला सी म्हणून दाखवतो. उलट्या तिरक्या रेघा सुलट्या करतो. इंग्रजीतील लहान आणि मोठी अक्षरे विंडोज फाइलींच्या नावांत एकच मानते, लिनक्स वेगळी मानते. तेव्हा नाव जसेच्या तसे सापडले नाही तर वाइनला फोल्डरातली सगळी नावे चाळून जुळणारे शोधावे लागते. (आपल्या देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा हा घोळच नाही, हे जाता जाता लक्षात घ्या.)

अनेक प्रोग्राम एका वेळी चालू असले आणि एकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागली, तर त्यांचा मेळ घालण्यास वाइनसर्व्हर नावाचा एक भाग मागे बसलेला असतो. विंडोजच्या गाभ्याने करावयाची पुष्कळशी देखरेख तोच करतो.

बंद पेटीचा प्रयोग

आता खरा प्रश्न. विंडोजचा मूळ मजकूर मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीत. मग त्यातील प्रत्येक दारामागे काय घडते, हे वाइनच्या लेखकांना कळले कसे?

येथे मला आमच्या विषयाची आठवण येते. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना आम्ही एक बंद पेटी देतो. बाहेर फक्त जोडावयाची टोके. पेटी उघडावयाची नाही. आत रोध आहे, डायोड आहे की संधारित्र, हे बाहेरून विद्युतदाब देऊन आणि प्रवाह मोजून ओळखावयाचे. वाइनचे लेखक नेमके हेच करीत आले आहेत. मायक्रोसॉफ्टने प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी जे माहितीपत्र छापले, ते पहिला आधार. ते जेथे गप्प बसते तेथे एक लहानसा चाचणी प्रोग्राम लिहावयाचा. दाराला बरोबर माहिती दिली तर काय उत्तर येते, चुकीची दिली तर कोणता त्रुटी-क्रमांक येतो, काहीच दिले नाही तर काय होते, हे खऱ्या विंडोजवर चालवून टिपावयाचे आणि मग वाइनमधील दार तेच उत्तर देईपर्यंत घासूनपुसून दुरुस्त करावयाचे. या चाचण्या आजही विंडोजवर आणि वाइनवर अशा दोन्हीकडे चालवून ताडून पाहतात. ज्याने मायक्रोसॉफ्टचा गुप्त मजकूर पाहिला असेल त्याने वाइनमध्ये लिहू नये, असा नियमही आहे. २००४ साली विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांचा काही मजकूर बाहेर फुटला, तेव्हा हा नियम किती शहाणपणाचा होता ते कळले. पेटी उघडून पाहणाऱ्याचा प्रयोग बाद, हे आमच्या परीक्षकांनाही मान्य होईल.

पाट्या त्याच आणि दारामागचे काम आपले, हे कायद्यात बसते काय, असा वाद दुसऱ्या एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जावा या भाषेतील पाट्या गूगलने ॲन्ड्रॉइडसाठी उचलल्या म्हणून ऑरॅकल कंपनीने दावा लावला होता. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा तो वापर रास्त ठरवला.

गंमत अशी की वाइनला विंडोजच्या चुकाही उतरवाव्या लागतात! एखादे दार माहितीपत्रात लिहिल्याहून वेगळे वागत असेल आणि एखाद्या लोकप्रिय प्रोग्रामने त्या वागण्यावरच भिस्त ठेवली असेल, तर वाइनने बरोबर वागणे हीच चूक ठरते. खुद्द मायक्रोसॉफ्टलाही हे चुकलेले नाही. सिमसिटी नावाच्या खेळाची गोष्ट सांगतात. तो खेळ परत केलेली स्मृती पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जाई. विंडोज ९५ मध्ये खपेना, तेव्हा कंपनीने नव्या विंडोजमध्येच तरतूद केली की हा खेळ दिसला तर स्मृती लगेच परत घेऊ नये.

अशा दारांची संख्या हजारोंत. वाइनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. लिनक्स तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते आणि चालवावयाचे होते विंडोज ३.१ चे प्रोग्राम. आरंभी बॉब ॲमस्टॅट यांनी धुरा धरली. १९९४ पासून ती अलेक्झांडर ज्यूलियार्ड यांच्याकडे आहे. पहिली पूर्ण आवृत्ती, १.०, प्रसिद्ध झाली ती जून २००८ मध्ये. पंधरा वर्षे! मधल्या काळात विंडोज ९५ आले, ९८ आले, एक्सपी आले, व्हिस्टा आले. धावत्या एसटीच्या मागे पळत जाऊन दांडी पकडण्यासारखे हे काम होते. वाइनची पुस्ती आज दहा लाखांहून अधिक ओळींची आहे आणि ती कोणालाही वाचता येते, फुकट वापरता येते.

अलीकडे या कामास बळ मिळाले ते अनपेक्षित दिशेने, खेळांच्या धंद्यातून. व्हॉल्व या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेला प्रोटॉन बाहेर आणला. विंडोजचे खेळ चित्रे काढण्यासाठी डायरेक्ट३डी नावाची भाषा वापरतात. तिचे व्हल्कन या भाषेत रूपांतर करणारा भाग प्रोटॉनबरोबर येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळावयाचे यंत्र लिनक्सवर चालते आणि त्यावर विंडोजचे हजारो खेळ खेळले जातात. खेळणाऱ्या मुलांना याचा पत्ताही नसतो.

पुन्हा प्रयोगशाळेत

आमच्या यंत्रावर वाइन टाकला. कार्यप्रणाली ६४ बिटांची असल्याने ३२ बिटांचे जोडभाग वेगळे टाकावे लागले. मग सीडी घातली, सेटअपवर दोनदा टिचकी मारली आणि श्वास रोखून पाहत राहिलो. निळ्या पार्श्वभूमीची ती जुनी खिडकी उघडली!

सहकाऱ्याच्या नव्या विंडोजने जे नाकारले ते लिनक्सने कसे स्वीकारले? त्याचे कारण असे. त्या काळी प्रोग्राम ३२ बिटांचा असला तरी त्याचे सेटअप पुष्कळदा १६ बिटांचे, म्हणजे विंडोज ३.१ च्या वळणाचे असे. ६४ बिटांच्या विंडोजमधून १६ बिटांचे प्रोग्राम चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने काढून टाकली. वाइनने ती ठेवली आहे. घरच्यांनी विसरलेली बोली परक्या माणसाने जपावी, तसे हे झाले.

सेटअप झाले, पण प्रोग्राम चालेना. एमएफसी४२ नावाची डीएलएल सापडत नाही अशी तक्रार. ही फाइल विंडोजच्या गाभ्यातली नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मध्ये लिहिलेल्या त्या काळच्या असंख्य प्रोग्रामांना ती लागते. वाइनट्रिक्स नावाच्या साहाय्यक प्रोग्रामने ती आणून बसवली. आता प्रोग्राम उघडला, पण पेटी दिसेना.

नव्या यंत्राला नऊ टाचण्यांचा पोर्ट नव्हता. आम्ही यूएसबीला जोडावयाची तार वापरली होती. लिनक्समध्ये बहुतेक उपकरणे फाइलीच्या रूपात दिसतात; या तारेची फाइलही ठरलेल्या जागी उमटली होती. परंतु विंडोजच्या पद्धतीने तिला जो पोर्ट-क्रमांक मिळाला तो बराच पुढचा, आणि आमच्या प्रोग्रामच्या यादीत एक ते चार एवढेच क्रमांक. दारातल्या माणसाला सांगावे लागले की आचारी एक नंबरची कोठी म्हणेल तेव्हा ही समज. वाइनच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत एक ओळ लिहून ते काम झाले. तरीही शुकशुकाट! यात माझा एक दिवस गेला. शेवटी कळले की दोष वाइनचा नव्हताच. लिनक्समध्ये सीरियल पोर्ट वाचावयाचा तर वापरणाऱ्याचे नाव डायलआउट नावाच्या गटात असावे लागते. माझे होते, पण विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या खात्याचे नव्हते. नाव घातले, बाहेर पडून पुन्हा आत आलो, आणि पडद्यावर पहिला ठिपका पडला. मग दुसरा. मामांनी चहाचा पेला तसाच खाली ठेवला.

पेटी यूएसबीची असती तर मात्र आमचे बहुधा फसले असते, हे सांगितले पाहिजे. अशा उपकरणांना आपला खास ड्रायव्हर लागतो, तो विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतो, आणि तेथे वाइनची मात्रा सहसा चालत नाही. सीरियल पोर्ट हा जुना, साधा, सर्वांच्या ओळखीचा रस्ता म्हणून आम्ही तरलो. याच कारणाने, फसवणूक पकडण्यासाठी गाभ्यात पहारा ठेवणारे काही ऑनलाइन खेळ वाइनवर चालत नाहीत.

मराठीपुरती एक अडचण. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांत टंकलेल्या आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. त्या नुसत्या वाचावयाच्या असतील तर त्या फॉन्टची फाइल लिनक्सलाच द्यावी, वाइनची गरज पडत नाही. परंतु कळफलकावरची प्रत्येक कळ मध्येच पकडून मराठी अक्षर उमटवणारे त्या काळचे प्रोग्राम वाइनखाली चालले तरी त्यांचा अंमल वाइनमधल्या खिडक्यांपुरताच. लिनक्सच्या स्वतःच्या खिडक्यांत त्यांना प्रवेश नाही. लिनक्समध्ये युनिकोड मराठी लिहिण्याची सोय असतेच, तेव्हा यासाठी खटपट करण्यात अर्थ नाही असे माझे मत.

आणि एक धोका. पुष्कळांना वाटते, लिनक्सला विंडोजचे विषाणू बाधत नाहीत. पण दारातला माणूस आचारी आणि चोर यांत भेद करीत नाही. वाइन नेहमीच्या मांडणीत तुमचे लिनक्सचे सारे फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून प्रोग्रामला दाखवतो. विंडोजचा उपद्रवी प्रोग्राम वाइनखाली चालवलात तर तुमच्या फाइली तोही वाचू आणि बिघडवू शकतो. तेव्हा कोठून आला ते ठाऊक नसलेला प्रोग्राम तेथेही चालवू नये, आणि वाइन कधीही प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने सुरू करू नये.

परीक्षा पार पडली. जुन्या सीडींवरच्या नोंदी एकामागून एक उघडल्या, साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घेतल्या. २००४ च्या पहिल्या वर्गाचा आलेख पाहताना दिसले की अर्ध्यावर कोणीतरी पंखा लावला होता. रेघ एकाएकी खाली वळली आहे.

तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी मग एक उद्योग सुरू केला. प्रोग्राम वाइनवर चालतो आहे तोवर पेटीचा मूळ आकडा आणि प्रोग्राम दाखवतो ते तापमान शेजारी शेजारी लिहून घ्यावयाचे, म्हणजे त्याच्या पोटातला तक्ता बाहेरून काढता येईल. पुन्हा बंद पेटीच. ९० अंशांपासून ३५ अंशांपर्यंतचा तक्ता चार दिवसांत तयार झाला आणि त्यावरून त्यांनी लिनक्ससाठी लहानसा नवा प्रोग्राम लिहिला. ३५ अंशांखालचे आकडे मात्र राहिले. तोवर एप्रिल उजाडला होता आणि आमच्या प्रयोगशाळेत पाणी त्याखाली निवेचना. मामांनी घरून बर्फ आणतो म्हटले. पण मुली ऐकेनात. पाणी आपोआप निवले पाहिजे, म्हणाल्या. त्यांनी ते काम डिसेंबरावर टाकले.